इंजिनासमोरची जागा

तुम्ही काय काम करता, असं कोणी विचारलं की मी सांगायची, उभी राहते. लोक हसायचे. हसा बापा, मला काय. पण खरंच मला उभं राहण्याचाच पगार होता, आणि ते काम मी मान वर करून केलं.

बोरी अरब गावाच्या अलीकडे कपाशीच्या वावरांमधून मुरूम टाकून केलेली एक लांब पट्टी आहे. जिनिंगच्या एका मालकाची. पट्टीच्या टोकाला पत्र्याची मोठी शेड, आणि शेडीत मालकाचं चार माणसांचं जुनं विमान. आमच्यात त्याला विमान कोणीच म्हणत नसे. गाडी म्हणायचे. गाडी काढली का, गाडी पुसली का. त्या गाडीचं इंजिन चालू करायच्या वेळी तिच्या नाकासमोर, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला, पंख्यापासून चार हात लांब, आग विझवायचं लाल सिलिंडर घेऊन उभं राहायचं आणि कुठं पेट घेते का ते पाहायचं, हे माझं काम.

काम लावून दिलं माझ्या धाकट्या भावानं. तो त्या गाडीचा मेकॅनिक. आर्णीला मोटरसायकली खोलता खोलता पोरगा नागपूरला गेला, शिकला, परवाना काढून परत आला आणि मालकाकडे लागला. माझा नवरा गेल्यावर सासरी माझी काय शोभा होत होती ते त्याच्या कानावर होतं. एक दिवस मोटरसायकल घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, ताई, पिशवी भर. तेव्हापासून मी त्याच्या घरी. घरात तो, त्याची बायको आणि मी. भावजय माझ्याहून बरीच लहान, बोलायला भोळी, स्वयंपाकाला चांगली. आमचं भांडण व्हायचं ते भाजीत तिखट किती यावर. त्याहून मोठं भांडण करायची तिची ताकद नव्हती आणि माझी इच्छा नव्हती.

कामावर भावानं मला पहिल्या दिवशीच शेडीत नेऊन नीट समजावलं होतं. गाडी बरेच दिवस उभी असली, थंड असली, की इंजिन लवकर धरत नाही. मग माणूस त्याला जास्त पेट्रोल पाजतो. ते पेट्रोल खाली, जिथून इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी साचतं. स्टार्टर मारल्यावर इंजिन कधी उलटं ठसकतं, ठिणगी खाली येते आणि तिथंच भडका होतो. अशा वेळी कोणालाही वाटतं की सगळं बंद करावं आणि उडी मारावी. आणि तेच करायचं नाही. स्टार्टर मारतच राहायचा. इंजिन फिरत राहिलं की तोंडाशी लागलेली आग आत ओढली जाते, आणि आत तर तिला जळायलाच ठेवलेलं असतं. फिरवणं थांबवलं, की ती बाहेर सांडते.

मी म्हटलं, म्हणजे आग लागली तरी आतल्यानं बसून राहायचं? तो हो म्हणाला. मी म्हटलं, बसलं आणि आग आत गेलीच नाही तर? त्यावर तो जे बोलला ते माझ्या कानात अजून तसंच आहे.

"मले आतून नाकाखालचं काईच दिसत नाई ताई. म्हणून तं तू समोर पायजे. तू बोट फिरवलं तं मी फिरवत राहीन. तू दोन्ही हात डोक्यावर केले तं सगळं सोडून उतरीन. बाकी कोणाचं आयकणार नाई."

एवढ्याच दोन खुणा. वर बोट करून गोल फिरवायचं, म्हणजे बस, फिरव. दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायचे, म्हणजे उतर, पळ. आम्ही त्याची घरी अंगणात तालीम करायचो. तो पाटावर बसून हातानं चावी फिरवल्यासारखं करायचा, मी तुळशीपाशी उभी राहून बोट फिरवायची, आणि भावजय दारात पदर तोंडाला लावून हसायची की काय व बाप्पा, हे दोघं बहीणभाऊ येडे झाले.

एकदा खरंच आग लागली. थंडीतली सकाळ होती, पट्टीवर धुकं. भाऊच आत होता. फट्ट झालं आणि नाकाखाली पिवळी जीभ बाहेर आली. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण खाली जमीन कोरडी होती, आग फक्त तोंडाशीच होती, म्हणून मी सिलिंडर काखेत धरून बोट फिरवत राहिले. आतून तो माझ्याकडे बघत होता. आगीकडे नाही, माझ्या बोटाकडे. स्टार्टर ओरडत राहिला, पंखा रडत-कुढत फिरला, जीभ आत गेली आणि इंजिन धरलं. थोडा वेळ चालवून त्यानं बंद केलं, खाली उतरला, आणि पहिलं काय म्हणाला तर चहा सांग. चहा पिताना आम्ही खूप हसलो. त्या दिवशी मला वाटलं की जगात माझी म्हणून एक जागा आहे आणि ती त्या गाडीच्या नाकासमोर आहे. सासरी कोणी मला कधी कशाच्या समोर उभं केलं नव्हतं.

आता दसऱ्याचं सांगते.

पावसाळाभर पट्टी चिखलाची असते, म्हणून गाडी तेव्हा शेडीतच उभी. दसऱ्याला ती बाहेर निघायची, धुवून पुसून तिची पूजा व्हायची, जशी जिनिंगमधल्या मशिनींची, ट्रकांची, ट्रॅक्टरांची होते तशीच. पंख्याला झेंडूचा हार, नाकावर हळदकुंकवाचं स्वस्तिक, चाकाशी नारळ. पूजा झाली की हार काढायचा, आणि दुपारच्या मुहूर्तावर इंजिन चालू करून जागच्या जागी थोडं चालवायचं. दरवर्षीचं आहे. मी एकच हट्ट धरायची, की कापूर आणि निरांजन शेडीपलीकडे विझवूनच यायचं. ते सगळे ऐकायचे. त्या वर्षीही ऐकलं. म्हणून कोणी म्हणालं की आग निरांजनानं लागली, तर ते मला खपत नाही. निरांजनाचा काही दोष नाही.

त्या वर्षी मालकाची म्हातारी आई आली होती. एरवी ती यवतमाळच्या बंगल्यातून हलत नसे. सगळे तिला मोठ्या आई म्हणत. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. माझ्या हाताला धरून तिनं माझी चौकशी केली, जेवली का विचारलं. मग मी सिलिंडर उचलून माझ्या जागेवर जाऊ लागले तेव्हा तिनं हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हटलं,

"तू आजच्या दिवस जराशी मांगं राह्य बेटा. सणाचं आहे. तुयी भावजय राहीन समोर, कलश घेऊन."

मला कळायला वेळ लागला नाही. सणाच्या दिवशी, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा यंत्र चालू होताना, त्याच्यासमोर रिकाम्या कपाळाची बाई नको. भरलेला कलश घेतलेली सवाष्ण हवी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच सुनवावं असं जिभेवर आलं होतं, की माझं काम कपाळाचं नाही, डोळ्यांचं आहे. मी भावाकडे पाहिलं. तो नव्या शर्टात होता. एरवी सुती कामाचा डगला घालायचा, त्या दिवशी बायकोनं आणलेला चकचकीत, गुळगुळीत कापडाचा. त्यानं सगळं ऐकलं होतं. माझ्याजवळ आला आणि म्हणाला, जाऊ दे नं ताई, एक दिवसाचं तं आहे, पाच मिनिटं चालवून बंदच करायचं आहे. मालकाच्या आईपुढं तो तरी काय बोलणार होता. मी सिलिंडर घेतलं आणि शेपटीकडे, शेडीच्या भिंतीला जाऊन उभी राहिले. तिथून मला गाडीची शेपटी दिसत होती, पंखाची मागची कड दिसत होती, आणि नाकाच्या पलीकडे भावजयीच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. नाकाखालची जमीन दिसत नव्हती.

पहिल्यांदा मालक स्वतः बसला. त्याच्याकडे उडवायचं लायसन होतं, पण हात जुन्या जीपवर बसलेला. इंजिन धरेना तसा तो जीपला दाबतात तसा पेट्रोलचा दट्ट्या दाबत राहिला. स्टार्टर मारायचा, दाबायचा, पुन्हा मारायचा. गाडी नुसतीच खोकत होती. शेवटी घामाघूम होऊन उतरला आणि भावाला म्हणाला, तू पाहा. भाऊ म्हणाला की थोडं थांबू, साचलेलं पेट्रोल उतरू द्या. हे मी माझ्या कानानं ऐकलं. मालकानं घड्याळ पाहिलं. मोठ्या आई म्हणाल्या मुहूर्त टळून राह्यला. ढोलवाला वाजवतच होता, पूजेच्या धुपाचा वास अजून हवेत भरून होता, आणि पेट्रोलचा वास त्यात कुठं येणार. भाऊ एकदा माझ्याकडे वळून बघेल असं मला वाटलं. बघितलं नाही. आत जाऊन बसला.

नाकाखाली पेट्रोलचं थारोळं साचलं होतं. मुरुमावर ओलं दिसत होतं, हे मागून सगळ्यांनी सांगितलं. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं कलशातलं पाणी सांडलं असेल. मी समोर असते तर त्याला चावीला हातच लावू दिला नसता.

फट्ट झालं. तो आवाज मला ओळखीचा होता. पाठोपाठ कलश खाली पडल्याचा आवाज आला, आणि भावजयीचे दोन्ही हात वर गेलेले मला दिसले. तिनं नवऱ्याला बोलावलं. कोणतीही बायको बोलावेल तसं, दोन्ही हात डोक्यावर करून, जिवाच्या आकांतानं. उतरा, उतरा. तिला बिचारीला अंगणातली ती तालीम म्हणजे आमचा खेळ वाटला होता. कोणत्या हाताचा काय अर्थ, हे तिनं कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही.

मी धावले. धावताना ओरडत होते, "उतरू नको! फिरव!" ढोलाच्या वर माझा आवाज गेला नाही. स्टार्टर थांबला. पंखा थांबला. तोंडाशी होती ती आग खाली सांडली आणि थारोळं पेटलं. दार उघडलं, आणि माझ्या भावानं पाय खाली ठेवला तो त्या आगीत.

मी पोचले आणि सगळं सिलिंडर आधी त्याच्यावर मारलं, मग गाडीवर. त्याचा तो नवा शर्ट अंगाला चिकटला होता. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांनी जळालेलं माणूस पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी न पाहिलेलंच बरं. गाडीला म्हणाल तर फारसं काही झालं नाही. नाक काळं पडलं, एवढंच.

नागपूरला नेलं. जळालेल्यांच्या वॉर्डात एका वेळी एकालाच सोडत. भावजय आत गेली की नुसती रडायची, म्हणून नर्स मला जास्त पाठवायची. एक दिवस तो शुद्धीवर होता, बोलणं स्पष्ट होतं. मी वाकले तसा म्हणाला,

"ताई, तू कुठं होती?"

मी म्हटलं, मांगं.

तो म्हणाला, धूर होता, चेहरा दिसला नाई, दोन हात वर दिसले. मले वाटलं तूच. मी नुसती त्याच्या उशाची चादर सारखी करत बसले. मग त्यानं डोळे मिटूनच सांगितलं, "तिले हे सांगजो नको. कधीच नको सांगजो."

मी म्हटलं, नाही सांगत. तो गेला त्याच आठवड्यात.

मग सुरू झालं माझं कौतुक. नातेवाइकांत, गल्लीत, पिठाच्या गिरणीवर. पांढऱ्या पायाची आहे. नवरा खाल्ला, आता भाऊ खाल्ला. सणाच्या दिवशी कायले गेली होती तिथं मरायले. मागं उभी होती म्हणे, तर मागून सावली पडली म्हणे. अरे, समोर होते तेव्हा याच पायांनी त्याला वाचवलं होतं, ते कोणाला आठवत नाही. तेराव्याला तर भावजय स्वतः माझ्या तोंडावर म्हणाली, ताई, तुमी त्या दिवशी यायलेच नव्हतं पायजे होतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. एक वाक्य होतं फक्त. तेवढं बोलले असते तर ती जन्मात मान वर करून बसली नसती. मी पाण्याचा हंडा उचलला आणि मागच्या दारानं बाहेर गेले. तिथं मोरीत बसून मी दातानं पदर फाडला. एवढा राग मला नवरा गेल्यावरही आला नव्हता.

चौकशीला एक साहेब आले होते. आग बघायला कोण होतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. कुठं उभ्या होता? मागं. मागं का? मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाला, तिकडून गाडी पूर्ण दिसते साहेब. साहेबांनी मान डोलावली. मालकाकडे पाहून मला किळस आली, पण खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न समोर कोण होतं हाच आला असता. म्हणून मीही मान डोलावली.

गाडी पुढं विकली गेली. पट्टीवर आता सोयाबीन वाळत घालतात. आम्ही दोघी आर्णीला आलो, माझ्या माहेरच्या घरी. भावजयीला तिच्या माहेरी कोणी ठेवून घेईना आणि मला ठेवून घेणारा तर उरलाच नव्हता. दोघी एका चुलीवर. भाजीत तिखट किती यावर भांडण होत नाही आता. ती जेवढं टाकते तेवढं मी खाते.

पुढच्या दसऱ्याला चुलतभावानं नवा ट्रॅक्टर आणला. अंगणात पूजा मांडली. मी आणि भावजय ओट्यावर येऊन उभ्या राहिलो तशी काकू आली आणि अगदी गोडीनं म्हणाली, तुमी दोघी जराशा आत राहा व, पुऱ्या पाहा. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी याच दिवशी तिला हाताला धरून समोर नेलं होतं, तिच्या हातात कलश दिला होता. तिला काय कळलं ते मी तिच्या तोंडावर वाचलं. मी म्हटलं, चल, तेल तापलं असेल.

आत ती लाटत होती, मी तळत होते. बाहेर ट्रॅक्टरला किल्ली मारल्याचा आवाज आला आणि तिच्या हातातलं लाटणं थांबलं. ट्रॅक्टर दोनदा खोकला, मग चालू झाला, बाहेर पोरं ओरडली. ती तशीच बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ताई, तुमाले त्यातलं समजते म्हणून इचारतो. मी हात करून त्यायले बोलावलं नसतं, तं काय झालं असतं?"

कढईतली पुरी करपायला लागली होती. एवढं वर्ष मी ज्या एका वाक्यावर दात दाबून बसले होते ते तिनं आपल्या हातानं माझ्यापुढं वाढून ठेवलं होतं. मी पुरी काढली. तिच्याकडे पाहिलं. कोऱ्या कपाळाची, पिठानं भरलेल्या हातांची, माझ्यासारखीच आत पाठवलेली पोर.

"आतच जळून गेला असता," मी म्हटलं. "तू बोलावलं म्हणून तेवढे दिवस तरी आपल्याजवळ राह्यला."

तिनं पदरानं नाक पुसलं.

"मंग बरं केलं मी."

"बरं केलं," मी म्हटलं. "दे इकडं पुऱ्या."